आयडाचं पत्र

इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या दप्तरखान्यात कॉलिन हॅक्विल पहिल्यांदा आला तो पणजोबांचं ओळखपत्र बघायला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेट घेतलं तेव्हा घरोघरच्या माणसांना असं फोटोचं ओळखपत्र काढावं लागलं होतं. तो सगळा पसारा आता रोवेना विबर्ट स्कॅन करत होती. तिने पडद्यावर फोटो आणला, कॉलिनकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे... आणि हसू दाबलं.

"काय झालं?"

"काही नाही. कान तेच आहेत—तुमचे."

तेच कान लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, मग रोजच. जर्मनांची बंदी असताना पणजोबांनी चोरून रेडिओ ठेवला होता, कुणीतरी चुगली केली, आणि जर्मनीतल्या तुरुंगातून ते परतलेच नाहीत. चुगली कुणाची, हे घरात आजतागायत कुणाला ठाऊक नव्हतं. कागद धुंडाळता धुंडाळता दोघं बंदरावर चहाला जाऊ लागली, 'तुम्ही'चं 'तू' झालं. रविवारी आईकडे जेवायला ये, असं तो म्हणालासुद्धा.

शुक्रवारी एका गठ्ठ्यातून पत्र निघालं. जर्मन कचेरीच्या नावे, दोनच ओळी. हॅक्विलच्या गोठ्यात रेडिओ आहे. आता तरी माझ्या नवऱ्याला सोडा. खाली सही— आयडा विबर्ट.

रोवेनाची पणजी.

एवढं एक पान तसंच गठ्ठ्यात सरकवलं, तर कुणाला पत्ता लागणार होता? दुपारभर ते तिच्या पुढ्यात पडून राहिलं. चारला कॉलिन आला. तिने पान यंत्राखाली ठेवलं, स्कॅन केलं, आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

त्याने दोनदा वाचलं. "विबर्ट... तुमच्याच घरातली?"

"पणजी."

तो तसाच बाहेर पडला. खिडकीतून तो धक्क्याच्या कठड्याशी दिसत होता, पाठमोरा. भरती चढत होती. तिला जायचा धीर होईना, आणि आत थांबवेनाही. शेवटी कोट न घालताच ती धावली.

"लपवलं असतंस तर मला कधी कळलं नसतं," तो समुद्राकडेच बघत म्हणाला.

"हो."

"मग?"

"मग तुझ्याकडे बघताना रोज चोरट्यासारखं वाटलं असतं. आणि मला... मला तुझ्याकडे रोज बघायचंय, कॉलिन."

तो वळलाच नाही. संपलं, असं तिला वाटलं. मग त्याने अंगातला कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला.

"आईला मी सांगणार नाही," तो म्हणाला. "रविवारी तूच सांग. मी तुझ्या शेजारी बसेन."