गार न होणारी गाडी

जरा सरकून बसा. दिवा राहू दे तसाच, मंद.

ही गोष्ट माझ्या चुलतभावाची. गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला गारेगार म्हणायचे. खोटं बोलायची त्याला सवय नाही. मुळात बोलायचीच फारशी नाही. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि सांगता सांगता पुढ्यातला चहा तसाच निवून गेला.

मे महिन्यातला शेवटचा शनिवार. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. दुकानाचं शटर अर्धं ओढून झालं होतं, तेवढ्यात घड्याळं दुरुस्त करणारे काका गाडी घेऊन आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"अरे, एसी नुसती गरम हवा ओकतोय. सकाळपर्यंत काहीतरी कर बाबा."

"सोमवारी आणा की, काका."

"उद्या लेकीला आणायचंय. बाळाला घेऊन पहिल्यांदाच येतेय. अजून महिन्याचंही नाही ते. या उन्हात कसं आणू?"

मग गारेगारला नाही म्हणवेना. काकूंना जाऊन चारच महिने झाले होते. नातवाचं तोंड पाहणं काही त्यांच्या नशिबात नव्हतं. काका-काकू म्हणजे एकाच घरात उन्हाळा आणि हिवाळा नांदत होता. काकांना पंखा पाचवर हवा, काकू मे महिन्यातही पांघरूण शोधायच्या. रोज भांडण, आणि रोज पंखा तीनवर तडजोड.

"आता पाचवरच असतो पंखा," किल्ली देताना काका म्हणाले. "झोप मात्र लागत नाही."

जाता जाता दारात थबकले. "याच गाडीतून नेलं रे तिला दवाखान्यात. दोन रजया घातल्या, तरी कुडकुडतच होती."

आणि पायीच घराकडे गेले.

गारेगारने बॉनेट उघडलं. गॅस बरोबर. कॉम्प्रेसर व्यवस्थित फिरतोय. नळी तर इतकी गार की तिच्यावर पाण्याचे थेंब जमलेले. पण आत हवा मात्र गरमच. मग त्याला वाटलं, हिटरची हवा मिसळत असणार. डॅशबोर्ड खोलून पाहिला, तर हिटरची झडप घट्ट बंद. तरी खात्री म्हणून त्याने हिटरकडे जाणारी गरम पाण्याची नळीच चिमट्यात दाबून टाकली. आता गाडीला हवा तापवायची म्हटलं तरी तापवता आली नसती.

आत बसला. दार लावलं. एसी सुरू केला.

गरम.

आणि ती इंजिनाची धग नव्हती. अंगावर पांघरूण घेतल्यावर आत साठते ना, तसली ऊब होती.

बाहेर रस्ता सामसूम. त्याने पंख्याचा वेग कमी केला. आणखी कमी केला.

तेव्हा ऐकू आलं.

शेजारच्या सीटवरून. दातावर दात... अगदी हलके. कुणीतरी कुडकुडत होतं.

त्याने मान वळवली नाही. वळवताच येईना. हात स्टीअरिंगवर तसेच.

"काकू...?"

कुडकुडणं थांबलं.

कुणीतरी श्वास रोखून ऐकतंय, एवढं त्याला कळलं.

तो हळूच बोलला.

"काकू, लेक बाळंत झाली. नातू झाला तुम्हाला. उद्या काका त्याला आणायला निघालेत... एवढ्याशा जिवाला हा उकाडा सोसायचा नाही हो."

त्याने एसीच्या जाळीपुढे हात धरला.

"तुम्हाला थंडी वाजते, ठाऊक आहे मला. पण..."



बराच वेळ हवा गरमच येत राहिली. मग एक उसासा. लांब... थकलेला.

आणि समोरून गार हवेचा झोत आला.

सकाळी काका आले. एसीपुढे हात धरला. "झकास! काय बिघडलं होतं?"

"छोटंसंच होतं, काका."

काका खूश होऊन बसले खरे, पण गाडी सुरू करेनात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"काय रे, गाडी एकदम रिकामी का वाटतेय?"

गारेगार खाली मान घालून हातातले पाने पुसत राहिला. मीच घालवलं काकूंना, असं सांगणार तरी कसं?

रविवारी रात्री गाडी पुन्हा दुकानापुढे थांबली. मागच्या सीटवर लेक, मांडीवर बाळ झोपलेलं. आत कसा सुखाचा गारवा.

"वाटेत एकदासुद्धा रडलं नाही बघ," काका म्हणाले. "तुझे आभार मानायला थांबलो."

गारेगार बाळ बघायला खिडकीतून आत वाकला. तोल सावरायला त्याने पुढच्या रिकाम्या सीटवर हात टेकला, आणि तसाच राहिला.

"काका... इथे कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. का रे?"

त्याने हात बाजूला घेतला. काकांनी त्याच जागी आपला तळवा ठेवला.

सीटला ऊब होती. बरोबर मधोमध. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

काकांनी चष्मा काढला. हात मात्र काढला नाही.

मागून लेक म्हणाली, "बाबा, निघायचं ना?"

"थांब जरा," काका म्हणाले. "अजून आहे थोडी."