बारा मिनिटांचा उशीर

"मॅडम, तीन वाजता चौकशी हाये. त्याच्या आत हे सर्व्हरचं मशीन खरं बोलते का खोटं, तेवढं पाहून द्या," व्यवस्थापक चंद्रकुमार म्हणाले.

साकोलीची राखी सर्व्हर दुरुस्त करायची. माणसाच्या मरणाचा छडा लावायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती.

भंडाऱ्याच्या या खासगी दवाखान्यात पंधरा दिवसांपूर्वी रुखमाबाई वारल्या. मॉनिटरची धोक्याची घंटा सर्व्हरवर नोंदली होती दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. सिस्टर मेघाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, खाटेपाशी पोचले चार बावीसला. या बारा मिनिटांत मेघाची नोकरी आणि अब्रू, दोन्ही अडकल्या होत्या. तक्रार रुखमाबाईंच्या नवऱ्याची. ते यादोराव, याच दवाखान्यात हजेरी पाहणारे कारकून.

मेघा दाराशीच उभी होती.

"वेळ कुठं पाहून लिहिली?"

"हातातल्या घड्याळात."

"घंटा वाजली तेव्हा कुठं होतीस?"

"बाजूच्याच खाटेजवळ. लगेच धावली मी. पण माहं कोणी ऐकूनच नाही राहिलं."

राखीने मोबाइल पडद्याशेजारी धरला. मोबाइलमध्ये बारा सत्तावीस. मेघाच्या घड्याळातही तेच. सर्व्हरवर बारा पंधरा.

"त्याच्या घड्याळाचा सेल गेला असन," चंद्रकुमार म्हणाले.

"सेल गेला तर घड्याळ कितीतरी वर्षं मागं जाते. भारताऐवजी दुसऱ्या देशाची वेळ लागली तर साडेपाच तासांचा फरक पडते. नेमकी बारा मिनिटं माणूसच मागं करते."

तिने जुन्या नोंदी उघडल्या. अकरा मार्च. इंटरनेटवरून आपोआप वेळ जुळवायची सोय कुणीतरी बंद केली होती आणि वेळ हाताने भरली होती. ऑफिसच्या पासवर्डने.

"पासवर्ड कोणाकडं असते?"

"माह्याकडं अन् यादोरावकडं."

"मार्चमध्ये काही नवीन झालं होतं?"

चंद्रकुमार ओशाळले. "नियम काढला होता मी. नऊनंतर हजेरीचा अंगठा लावला का अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा."

"मेघा, तू कशानं येतेस?"

"अड्याळच्या एसटीनं. मी अन् दुसरी सिस्टर रुपा. नऊ दहाच्या आधी गाडी कधी येतच नाही."

राखीने हजेरी काढली. अकरा मार्चपासून दोघींना एकदाही उशीर नव्हता. रोज आठ एकोणसाठ. एसटीने इतकी शिस्त पाळल्याचं राखीने जन्मात ऐकलं नव्हतं.

तीन वाजता यादोराव चौकशी करणाऱ्या डॉक्टरांसमोर बसले. दाढी वाढलेली, नजर मेघाला टाळणारी.

"माही बाई बारा मिनिटं एकली तडफडली साहेब," ते म्हणाले.

राखीला बोलणं जड गेलं. पण बोलली. "काका, सर्व्हरचं घड्याळ तुमीच मागं केलं ना?"

"हजेरीचं केलं! पोरी लांबून येतात. एसटी काय त्यायच्या बापाची हाये? अर्धा दिवस काहून कापायचा?" ते थांबले. "पण त्याचा इथं काय संबंध?"

"हजेरीचं यंत्र वेळ सर्व्हरवरून घेते. वार्डातली घंटाबी तिथंच नोंदवली जाते. घंटा चार दहाला वाजलीच नाही. ती वाजली चार बावीसला. मेघा खऱ्या वेळेवर होती. ती बारा मिनिटं कधी झालीच नाहीत, काका."

ज्या दयेपोटी त्यांनी घड्याळाला हात लावला, तिनेच त्यांना पंधरा दिवस जाळलं होतं. आणि या पोरीलाही.

मेघा त्यांच्यासमोर खालीच बसली.

"एकली नोहती काकू. माहा हात धरून होती."

यादोरावांनी प्रथमच तिच्याकडे पाहिलं. "काही बोलली?"

"दम लागला होता. तरी म्हने, ह्यायले सांग, उपाशी बसून राहू नका."

यादोरावांनी टेबलावरचा तक्रारीचा कागद ओढला आणि फाडायला घेतला. तो कडेलाच चुरगळला, फाटेना. शेवटी मेघानेच तो त्यांच्या हातातून सोडवून घेतला आणि फाडला.