गिरणीवरची काळी पट्टी

आमोदचं वागणं रंगूबाईंना मुळीच पटत नव्हतं. सुतारानं दार बसवलं की रंधा उचलावा नि घरी जावं. महाडच्या मास्तरांचा हा कॉम्प्युटरवाला पोरगा मात्र काम संपलं तरी आपलं हत्यार गिरणीत टाकून बसला होता!

कापडे गावातली भाताची गिरण रंगूबाईंची. सुगी झाली की पार डोंगरातल्या कुडपण गावापासून माणसं पोती घेऊन उतरायची आणि नंबरावरून हातघाईवर यायची. म्हणून आमोदनं मोबाइलवर नंबर लावायचं अॅप करून दिलं. ते एकाच्या फोनवर चाले, दुसऱ्याच्या फोनवर रुसून बसे. मग त्यानं स्क्रीनच्या तळाला काळी पट्टी बसवली. अॅप चालताना आतल्या आत जे पुटपुटतं, एरवी फक्त कॉम्प्युटरवाल्यांनाच उघडून बघता येतं, ते त्या पट्टीत सगळ्यांसमोर उमटायचं. सगळं ठीक असलं की पांढऱ्या ओळी, बिघाड झाला की लाल. ती रंगूबाईंच्या भावाची लेक सेजल त्याला फोनवर वाचून दाखवायची, आणि तो महाडात बसून दुरुस्ती करायचा.

"लाल आलीय."

"वाचा."

"इंग्रजी आहे. हसणार नसाल तर वाचते."

"आणि हसलो तर?"

"तर... उद्या लाल आली तरी सांगणार नाही जा!"

पलीकडे दाबलेलं हसू... आणि इकडे सेजलच्या पापण्यांवर, गालांवर कोंडा बसलेला, तरी त्याखालून लाली लपायची नाही.

तिथवर ठीक होतं. पण आता अॅप सुतासारखं सरळ चालत होतं, तरी पट्टी हलेना आणि फोन थांबेना! त्या पट्टीखाली नंबर लावायचं बटण अर्धं झाकलं जाई. कुडपणचा महिपत काल बोट आपटून थकला, त्याचा नंबर हुकला, आणि चार माणसांत रंगूबाईंना ऐकवून गेला. रंगूबाईंना! त्यात सेजलच्या बापानं, गोमाजीनं, घाटकोपरचं स्थळ धरलं होतं. माणसं रविवारी यायची होती; बोलवायचं की नाही ते आज कळवायचं होतं. "काय सांगू गो तुझ्या बापाला?" विचारलं की पोर सूप घेऊन पाखडायला बसे.

रंगूबाई पाय न वाजवता तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"हो ना... आजही लालच," सेजल स्पीकर लावून फोनवर सांगत होती. "चांगली लांबलचक आहे."

रंगूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, रंग येत होते. पट्टी धुतलेल्या तांदळासारखी पांढऱ्या ओळींनी भरली होती. त्यांनी फोन काढून घेतला. "आमोद, गाडी काढ नि ये. लाल बघायला."

दुपारी तो आला. केस विस्कटलेले, नजर सेजलवर... मग पटकन जमिनीवर.

"दाखव गो याला ती लांबलचक."

"नाहीये, आते," सेजल पुटपुटली. "कधीचीच नाहीये."

"मला माहीत आहे," आमोद म्हणाला.

तिनं चमकून वर पाहिलं. "कसं?"

"पट्टीत जे उमटतं ते माझ्याकडेही दिसतं. पहिल्या दिवसापासून."

"मग मला का वाचायला लावलंत?"

"तुम्ही वाचत होतात... म्हणून."

"आणि मी इथं अक्षर न् अक्षर फोडत बसले!" तिनं मूठभर कोंडा उचलून त्याच्यावर उधळला. तो हसला, शिंकला, आणि पुन्हा हसला.

"पट्टी काढायला रोज बसायचो," तो डोळे चोळत म्हणाला, "पण ती गेली तर तुम्ही फोन तरी कशाला कराल?"

गिरणीचा पट्टा फडफडत राहिला. सेजलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"रविवारी मला बघायला येणारेत," ती हळूच म्हणाली. "येऊ देत... की नको?"

"नको!" एवढ्या मोठ्यानं, की रांगेतली माणसं वळली. मग आवाज खाली आला. "मी येतो. आईबाबांना घेऊन. तुम्हाला चालणार असेल तर..."

"चालेल," सेजल म्हणाली, आणि सूप तोंडासमोर धरून हसली.

रंगूबाईंनी दोघांना नीट न्याहाळलं. पदर खोचला.

"ऐक रे, महाडकरा. पट्टी आत्ता काढ, माझ्या डोळ्यांदेखत. तुझ्या पिरमापायी माझी गिऱ्हाइकं ताटकळायची नायत. गोमाजीला मी कळवते, घाटकोपरवाले नकोत म्हणून. तू लबाड हायस, आणि ही तुझ्यावर कडी हाय. दोन लबाडांपायी दोन घरं कशाला नासवायची? एकातच नांदा!"