पाठीचा साचा

मोडक्या पाठी सरळ ठेवणं हाच त्याचा धंदा. दवाखान्यामागच्या खोलीत तो पाठीचे पट्टे बनवायचा. आधी रोग्याच्या पाठीवरून प्लास्टरचा साचा काढायचा, तो कानशीनं घासून नीट करायचा, मग त्यावर पट्टा. दुनियेच्या पाठी हातानं ओळखणाऱ्या या शहाण्यानं घरच्या पाठीकडे मात्र सहा महिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"कंबर कुणाची दुखत नाही?" तो बायकोला म्हणायचा.

एकदा ती म्हणाली, "अहो, चालता चालता चप्पल पायातून निघून जाते आणि मला कळतच नाही."

तो हसला होता. "वेंधळी आहेस. चालताना लक्ष नसतं तुझं."

मणक्यात टीबी निघाला. पू मज्जारज्जूवर दाबत होता. ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली, पण पाय गेले ते गेलेच. "वाट पाहायची," डॉक्टर म्हणाले. तिनं चार शिव्या तरी हासडाव्यात असं त्याला फार वाटे. ती भिंतीकडे बघत पडून राही.

तिचा साचा त्यानं स्वतःच काढला. मधोमध बोराएवढा उंचवटा होता. दुसऱ्या दिवशी पाहतो तर लिंबाएवढा. वाळलेलं प्लास्टर फुगत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आपलीच नजर चुकली म्हणत त्यानं तो घासून काढला. हातावर पडलेली भुकटी कोमट लागली.

संध्याकाळी बायको म्हणाली, "आज दुपारी अंगठ्याला मुंग्या आल्या."

सकाळी उंचवटा परत आला होता. त्यानं परत घासला. त्या दिवशी तिचा घोटा हलला. मग ते रोजचंच झालं. साचा तो कुलपात ठेवू लागला. डॉक्टर औषधांना श्रेय देत होते, देवोत बापडे. आपलं पाप आपण घासून काढतोय, एवढंच त्याला कळत होतं.

चाळिसाव्या दिवशी साचा सपाट निघाला.

तो भरदुपारी घराकडे धावत सुटला.

ती दारात उभी होती. चौकट धरून, पण स्वतःच्या पायांवर. त्याला रडू फुटलं.

ती त्याच्या पायांकडे बघत होती.

"डावी चप्पल कुठंय तुमची?"

त्यानं खाली पाहिलं. अनवाणी टाचेत काच रुतली होती. फाटकापासून रक्ताचे ठसे उमटले होते. दुखत काहीच नव्हतं.

"वेंधळे आहात," ती शांतपणे म्हणाली. "चालताना लक्ष नसतं तुमचं."

आणि चौकट सोडून ती आत चालत गेली.