रोज एक मिलिमीटर

सकाळचा चहा झाला की दौलत टेकाम नागपूरच्या प्रयोगशाळेत फोन लावायचा आणि आपल्या नसेची खुशाली विचारायचा.

"काय म्हणते माही नस?"

पलीकडची तंत्रज्ञ मुलगी उबदार पेटीतल्या काचेच्या ताटलीत डोकावून सांगायची, "बरी आहे काका. काल खुराक बदललाय, आज जरा जास्तच खुशीत दिसतेय."

फोन ठेवला की त्याची बायको गिरजा शेगडीजवळून विचारायची, "झाली का सवतीची विचारपूस? आता आंघोळीचं पाहा."

दौलतची एक नस खरोखरच नागपुरात होती. दोन वर्षांपूर्वी डॉ. मंजूषा पराते यांनी त्याच्या दंडावरून मसुराच्या दाण्याएवढी कातडी काढून नेली होती. त्या कातडीतल्या पेशींना त्यांनी उलट्या वाटेने चालवत मूळपदावर नेलं आणि तिथून पुन्हा पुढे आणत त्यांच्यापासून नस घडवली. जाडीला शिवणाच्या दोऱ्याएवढी, लांबीला बोटाच्या पेराएवढी. एका टोकाला विजेचा हलका स्पर्श केला की दुसऱ्या टोकाला निरोप पोचायचा. दौलतच्या स्वतःच्या कोपरातून मात्र गेल्या बेचाळीस वर्षांत असा एकही निरोप गेला नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी एके दिवशी त्याच्या बोटांतली विडी जळत बोटापर्यंत आली आणि ते त्याला वासावरून कळलं. कुष्ठरोग. सरकारी दवाखान्यातून वर्षभर गोळ्या मिळाल्या, जंतू मेला, डॉक्टरांनी कागदावर 'बरा झाला' असं लिहून दिलं. तोवर जंतूने दोन्ही हातांच्या नसा खाल्ल्या होत्या आणि घरात त्याचं ताट वेगळं झालं होतं. थोरल्या भावाने त्याला आर्वीच्या एसटीत बसवून दिलं, सोबत यायचं टाळलं. आर्वीपुढच्या, कुष्ठरोग्यांच्या निंभोरा वसाहतीत तो आला तो तिथलाच झाला. तिथे तो दऱ्या विणायला शिकला. तिथेच त्याला गिरजा भेटली. तिचेही हात तसेच, आणि तळपायही. रोज दिवेलागणीपूर्वी दोघं अंगणात समोरासमोर बसून एकमेकांचे तळहात-तळपाय तपासत. कुठे भाजलं आहे का, काही रुतलं आहे का, हे डोळ्यांनीच शोधावं लागायचं.

मंजूषा पहिल्यांदा वसाहतीत आली ती रक्ताचे नमुने घ्यायला. ती नागपूरच्या कोष्ट्यांच्या घरातली, तिच्या आजोबांचा माग होता. त्यामुळे पाय आपोआप विणाईच्या शेडकडे वळले. तुटलेलं सूत सांधताना दौलतने डोळे सुतापासून वीतभर अंतरावर नेलेले तिने पाहिले.

"इतकं जवळून का बघता? आमचे आजोबा तर इकडंतिकडं बघत गाठ मारायचे."

"त्यायच्या बोटायले दिसत असन," दौलत म्हणाला. "माह्या नाही दिसत."

त्या दिवशी परतताना तिने त्याची कातडी मागितली. दंडावरच्या बधिर चट्ट्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, "न्या. तिथं तसंही काही कळत नाही."

कुष्ठजंतूबद्दल एक विचित्र गोष्ट होती. तो सापडल्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेला तो काचेच्या भांड्यात जगवता आला नव्हता. त्याला जिवंत नसच लागायची. मंजूषाने दौलतच्या कातडीपासून दोन नसा घडवल्या. एक स्वच्छ ठेवली आणि दुसरीत जंतू सोडला. तो तिथे रुजला. नंतरचे आठ महिने ती सूक्ष्मदर्शकातून त्याच्याकडे पाहत राहिली. नसेच्या तंतूंभोवती वेष्टणपेशी असतात, तारेवरच्या रबरासारख्या. सगळे समजत होते की जंतू या पेशी मारतो. तिला दिसलं ते निराळं. मारण्याआधी जंतू त्यांना त्यांचं वयच विसरायला लावत होता. म्हातारी पेशी पुन्हा बाळ व्हायची, भराभर वाढायची, आणि त्या वाढीवर जंतू आपलं कुटुंब पोसायचा. हे काम तो एका प्रथिनाने करायचा. प्रयोगशाळेत त्याचं नाव पडलं 'विसर'.

मग मंजूषाने ते प्रथिन कृत्रिमरीत्या तयार केलं आणि जंतूशिवाय वापरून पाहिलं. स्वच्छ नस तिने मुद्दाम चिरडली आणि तिच्यावर 'विसर'चा थेंब सोडला. वेष्टणपेशी बाळ झाल्या, त्यांनी नवी नळी बांधली आणि त्या नळीतून तंतू पुढे सरकू लागला. दिवसाला एक मिलिमीटर. अकराव्या दिवशी तिने दुसरं प्रथिन दिलं, 'आठव'. त्याने पेशींना पुन्हा प्रौढ केलं. ते वेळेवर दिलं नाही तर पेशी वाढतच राहिल्या असत्या आणि त्याची गाठ झाली असती, कर्करोगाची.

माणसावर प्रयोग करायचा तर नैतिकता समितीची परवानगी लागते. समितीसमोर दौलत स्वतः गेला. गिरजाने सकाळी शर्टाला इस्त्री करून दिली होती.

अध्यक्ष सौम्य होते. "टेकामजी, तुमचा आजार कधीच बरा झालाय. काम करता, पोट भरता. यात गाठ होण्याचा धोका आहे. मग कशासाठी करायचं?"

दौलतने आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. "साहेब, मी चाळीस वरसं दऱ्या विणून राह्यलो. लोकं हात फिरवून घेतात, मऊ हाय म्हणतात. मले मालूमच नाही मी काय विणलं ते."

अध्यक्षांनी परवानगीचा कागद ओढून त्यावर सही केली.

दौलतने डावा हात निवडला. बिघडलाच तर उजवा कामाला राहावा म्हणून. कोपरामागच्या नसेत बारीक सुईने 'विसर' टोचलं, अकराव्या दिवशी 'आठव' दिलं, आणि तो घरी आला. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत बेचाळीस सेंटिमीटर. चौदा महिने थांबायचं होतं.

नस कुठवर पोचली हे कळायचा उपाय मंजूषाने शिकवला होता. हातावर कोपराकडून खाली हलके ठोकत यायचं. जिथे मुंग्या येतील तिथे नसेचं वाढतं टोक. दर रविवारी गिरजा लाटण्याच्या टोकाने ठोकायची आणि दौलत "इथं" म्हणाला की पेनाने रेघ मारायची. पहिल्या महिन्यात काहीच नव्हतं. पाचव्या आठवड्यात कोपराखाली तीन बोटांवर त्याने दचकून हात मागे घेतला.

"काय झालं?"

"मुंग्या आल्या," तो म्हणाला. गिरजाने रेघ मारली आणि पेनाचं टोपण लावायला तिला बराच वेळ लागला.

रेघा खाली उतरत गेल्या. वसाहतीतली माणसं रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात येऊन बसू लागली. कोणी चहा आणायचं, कोणी नुसतं बघायचं. नवव्या महिन्यात रेघ मनगटाशी आली आणि थांबली. पुढच्या रविवारी तिथेच. त्याच्या पुढच्याही. पाच रविवार गिरजाने त्याच रेघेवर रेघ मारली. अंगणातली गर्दी ओसरली. दौलतने सकाळचा फोन बंद केला.

मग एक दिवस मंजूषाच येऊन दारात उभी राहिली. ती पाच आठवडे घरी फक्त झोपायला जात होती. तिने ताटलीतल्या नसेला मनगटातल्यासारखी चिंचोळी, जुन्या व्रणाने भरलेली वाट करून दिली होती. तिथेही तंतू तसाच अडला होता.

"चूक माझी आहे, काका," ती म्हणाली. "मी 'आठव' सगळं अकराव्या दिवशीच दिलं. वरच्या पेशींना ते बरोबर होतं. मनगटातल्या पेशी मात्र तंतू पोचायच्या आधीच पुन्हा म्हाताऱ्या झाल्या. त्यांना आणखी एकदा बाळ करावं लागेल. ताटलीत केलं तर नस पुढे गेली."

"मग करा."

"दुसऱ्यांदा दिलं की गाठीचा धोका वाढतो. किती वाढतो ते मला सांगता येत नाही. असं आजवर कोणी केलेलं नाही."

दौलतने गिरजाकडे पाहिलं. ती म्हणाली, "माह्याकडे काय पाहता? हात तुमचा हाय." मग तिने मंजूषाला विचारलं, "बाई, तिथल्या ताटलीतलीले गाठ आली का?"

"नाही. रोज तपासतेय. आज बाविसावा दिवस."

"मंग इथं काऊन येईन? नस तर एकच हाय ना, तिथली न इथली."

मंजूषाला हसू आलं. दुसऱ्या सोमवारी मनगटात 'विसर'ची सुई दिली गेली, ठरल्या दिवशी 'आठव'ही. महिन्याने तपासलं तेव्हा गाठ नव्हती आणि रेघ तळहातावर उतरली होती.

ती गोष्ट घडली सोळाव्या महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला. शेडमध्ये नऊ माग चालू होते. दौलत डाव्या हाताने ताण्याचं उभं सूत धरून उजव्या हाताने पंजा मारत होता. पंजा म्हणजे आडवं सूत ठोकून घट्ट बसवायचा लोखंडी काटा. त्याचा एक दात निसटून करंगळीत घुसला आणि दौलत ओरडला.

सगळे माग थांबले. त्या शेडमध्ये जखमा रोजच्याच होत्या. कोणाच्या तरी हातातून रक्त यायचं, दुसऱ्या कोणाच्या तरी ते लक्षात यायचं, मग पट्टी बांधली जायची. पण जखम झाली म्हणून ओरडलेलं माणूस तिथे कोणी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या मागावरचा वामन उठून आला. त्याने करंगळी वर करून पाहिली. "दुखते?"

"दुखते."

"लय?"

"लय दुखते, वामन." दौलतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. कोणी पट्टी आणली तर त्याने ती बांधू दिली नाही. बघता बघता वसाहत शेडमध्ये जमली. स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी गिरजा आली आणि गर्दीतून वाट काढत त्याच्यापुढे उभी राहिली. काय झालं ते कोणीतरी सांगितलं. तिने पदराने त्याचं रक्त पुसलं, आणि तिचा हात लागताच त्याने बोट मागे ओढलं. "हळू," तो म्हणाला. चाळीस वर्षांच्या संसारात तो तिला असं पहिल्यांदाच म्हणाला होता.

वामनला मात्र खात्री करून घ्यायची होती. त्याने दौलतला डोळे मिटायला लावले, वर गमछा बांधला, आणि दोन प्रकारच्या सुताच्या गुंड्या आणल्या, एक दहा नंबरची जाड, एक वीस नंबरची बारीक. सुताचा धागा तो दौलतच्या करंगळीवरून ओढायचा.

"हे?"

"दहा."

"हे?"

"वीस. थांब, पुन्हा ओढ. हो, वीस."

बारा वेळा विचारलं. बाराही वेळा बरोबर. तेराव्यांदा वामनने काहीच ओढलं नाही.

"हे?"

"कायचं हे? काहीच नाही," दौलत म्हणाला, आणि शेडमध्ये जो गलका झाला तो वसाहतीच्या फाटकापर्यंत ऐकू गेला. दुपारी मंजूषा पोचली तेव्हा मोठ्या कढईत शिरा शिजत होता आणि सोळा वर्षांपासून चाकांच्या खुर्चीवर बसलेली एक आजी तिला म्हणाली, "माहं नाव पह्यलं लिवा. पायाचं."

त्या वर्षात एकशे चाळीस नावं लिहिली गेली. आता 'विसर'च्या दोन मात्रांमधलं अंतर ठाऊक झालं होतं, त्यामुळे कोणाचीच नस मनगटाशी अडली नाही. पुढच्या दोन वर्षांत गिरजाचे दोन्ही हात झाले, पायांची पाळी यायची होती. दर रविवारी दौलत लाटणं घेऊन बसायचा आणि रेघ तो मारायचा. मधुमेहाने पाय बधिर झालेले, अपघातात नसा तुटलेले लोक परगावाहून येऊ लागले. त्यांना राहायला वसाहतीने दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या. ज्या गावांनी आपली माणसं इथे पाठवून दिली होती, त्या गावांतली माणसं आता निंभोऱ्याचा पत्ता विचारत यायची.

एका दुपारी मंजूषा आली. पाणी पिऊन झाल्यावर तिने पिशवीतून कागद काढला.

"सरकारचा आदेश आहे. देशात गेल्या दोन वर्षांत कुष्ठरोगाचा एकही नवा रुग्ण नाही. आता प्रयोगशाळांतला जंतूही नष्ट करायचाय. जिवंत जंतू एकाच ठिकाणी उरलाय काका, आमच्या दुसऱ्या ताटलीत. तुमच्या नसेत."

"मंग मारून टाका," गिरजा म्हणाली.

"मारता येईल. आपलं औषध आता आम्ही कृत्रिमरीत्या बनवतो, त्यासाठी जंतू लागत नाही. पण तो आणखी काही करताना दिसतोय. त्या ताटलीत आम्ही यकृताच्या पेशी ठेवल्या होत्या. त्याही तरुण झाल्या. कसं ते अजून कळलेलं नाही. कदाचित 'विसर'सारखंच काही असेल, कदाचित काहीच नसेल." तिने दुसरा कागद पुढे सरकवला. "संशोधनापुरती सूट मागायचा हा अर्ज. नस तुमची आहे. तुमच्या सहीशिवाय मला तो ठेवता येणार नाही."

दौलतने कागद डाव्या हातात घेतला. कागदाची कड त्याच्या करंगळीला टोचत होती, आणि अजूनही असं काही टोचलं की तो क्षणभर थांबायचा. बाहेर शेडमधून पंज्यांचा ठोका येत होता. त्याने कागद गिरजापुढे धरला. तिने आपल्या बोटाने त्याची कड चाचपून पाहिली.

"याच्याच पायी माह्या भावानं मले एसटीत बसवून देल्लं," तो अखेर म्हणाला. "आता त्याले कुठंच जागा नाही, तर मी ठेवून घेऊ म्हणता?"