कोनाड्यातलं कॅबिनेट

डोळे मिटा बघू क्षणभर. एक गल्ली मनात आणा, इतकी अरुंद की समोरून गाय आली तर आपण मुकाट्याने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. बनारसच्या दुर्गाघाटावरची ही गल्ली. तिच्यातल्या एका घरात शिरा. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे. जिना चढलात की वर एक बोळ लागेल. त्याच्या एका टोकाला न्हाणीघर, दुसऱ्या टोकाला देवघर, आणि मधल्या जाड भिंतीत एक खोल कोनाडा. पूर्वी तिथे पोथ्या असत. आता सांगा, या कोनाड्यात कॉम्प्युटर बसवायचा, तर कसा बसवाल?

१९९८ साली हाच प्रश्न घेऊन ईशानी लहुराबीर भागातल्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात गेली. चौकातल्या छापखान्याने तिला घरी बसून पोथ्या टाइप करण्याचं काम देऊ केलं होतं. यंत्र मात्र स्वतःचं हवं होतं. वडिलांनी, म्हणजे दिनानाथशास्त्रींनी, परवानगी दिली, पण जागा कोनाड्याचीच. ईशानीने वातींच्या सुताला गाठी मारून कोनाड्याचं माप घेतलं आणि ते सूत मुठीत धरून ती दुकानाच्या पायऱ्या चढली.

दुकानात रिकामी कॅबिनेटं मांडलेली होती. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचं घर. आत सगळा कारभार, बाहेर पत्रा आणि प्लॅस्टिक. तेव्हा सगळी एकाच रंगाची असायची, फिक्या सायीसारखी.

"भैया, इससे छोटा नहीं है?" तिने विचारलं.

"इससे छोटे में क्या रखेंगी? लड्डू?" पाठमोरा तरुण म्हणाला.

"मेला फारच शहाणा दिसतोय," ती पुटपुटली.

"मेलो नाही हो, जिवंत आहे अजून," तो वळून म्हणाला. आणि हसला.

ईशानीचे कान तापले. तिने सुताकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग नाइलाजाने त्याच्याकडे.

तो सुश्रुत. वडील रेल्वेत, मूळ भुसावळचे. "तुम्ही कुठल्या?" त्याने विचारलं.

"इथल्याच. पाच-सहा पिढ्या झाल्या."

"तरीच. मराठीत गंगेचं पाणी मिसळलंय थोडं."

"आणि तुमचं नाव वैद्याचं, काम मात्र लोहाराचं."

"शस्त्रक्रियाच करतो मी," तो म्हणाला. "आणा ते सूत."

उभं कॅबिनेट घेतलं तर शेजारी मॉनिटर मावेना. आडवं घेतलं तर मॉनिटर त्याच्या डोक्यावर बसला असता, पण रुंदी अर्धं बोट जास्त भरली.

"मग राहू दे," ईशानी म्हणाली. तिचा चेहरा पडला.

"थांबा… कोनाडा कापता येत नाही, हे येतं." त्याने समोरचं प्लॅस्टिकचं पॅनेल काढून कडा कानशीने घासायला घेतल्या. थोडं घासायचा, सूत लावायचा, पुन्हा घासायचा. सुताचं दुसरं टोक ईशानीने धरलं होतं. ते तिने धरायची काही गरज नव्हती. दोघांनाही ते ठाऊक होतं.

यंत्र कोनाड्यात बसलं, अगदी बेतून शिवल्यासारखं. कार्तिक सुरू होता. घाटावर बांबूच्या उंच काठ्यांना टोपल्या बांधून त्यांत आकाशदिवे लावलेले असत. वीज पहाटे तेवढी नीट मिळे, म्हणून ईशानी दिवे विझायच्या आधीच टाइप करायला बसे. वडील न्हाणीघरात शिरले की ती उठून स्वयंपाकघरात जाई. आणि परत यावं, तर पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजलेला. काही केल्या हलेना. टाइप केलेलं पान गेलं.

रोज हेच होऊ लागलं, तेव्हा सुश्रुतला बोलावणं गेलं. तो संध्याकाळी दुकान बंद करून यायचा, आणि संध्याकाळी यंत्र शहाण्या मुलासारखं चालायचं.

"माझ्यासमोर कसं नीट वागतं?" तो म्हणायचा.

"पाहुण्यांसमोर सगळेच नीट वागतात," ईशानी म्हणायची.

त्याने पंखा बदलला. तरी तेच. मग म्हणाला, आत हवा पुरत नसेल, पॅनेलला भोकं पाडू या. ईशानीच्या दादाची मुलगी कस्तुरी, वय वर्षं आठ, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत होती. "भैया, भोकं पाडायचीच तर रांगोळीची पाडा ना!"

झालं. ईशानीने पेन्सिलने ठिपके काढले, सुश्रुतने पॅनेल मांडीवर घेऊन गिरमिटाने ते एकेक पाडले. प्लॅस्टिकचा कीस तिच्या ओढणीवर उडत होता. "झटका ना," तो म्हणाला. "राहू दे," ती म्हणाली, आणि पुढचा ठिपका दाखवला. लाल आणि हिरवे मिणमिणते दिवे आता कमळाच्या पाकळ्यांमागून दिसू लागले. अख्ख्या बनारसमध्ये असं कॅबिनेट दुसरं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाण पुन्हा थिजला.

त्यानंतरच्या मंगळवारी ईशानी चष्मा विसरली म्हणून स्वयंपाकघराच्या वाटेवरून परत आली, आणि बोळाच्या तोंडाशीच थबकली. घरातलं सोवळं सांभाळणाऱ्या तिच्या प्रेमलाकाकू चालू कॉम्प्युटरवर धाबळी पांघरत होत्या. वरून, पुढून, कडा खोचून, अगदी बाळाला गुंडाळावं तशी.

धाबळी म्हणजे लोकरीचं जाड वस्त्र. सोवळं पाळणाऱ्या घरांत लोकर विटाळत नाही असं मानतात. शास्त्रीबुवा सोवळं नेसून न्हाणीघरातून देवघरात निघत, तेव्हा बोळात कुणी त्यांना शिवायचं नाही, म्हणून सगळे बाजूला होत. आता यंत्राला कसं सांगणार बाजूला हो म्हणून? नाना जातींच्या हातांतून आलेलं ते! काकूंनी आपल्या परीने उपाय काढला होता. शास्त्रीबुवांची पूजा आटोपली की त्या धाबळी उचलून घडी करून ठेवत. तोवर आत बिचारं यंत्र भाजून निघे.

तेव्हाच सांगायचं, नाही का? मुलांनो, ईशानीने सांगितलं नाही. काकूंना नाही, आणि सुश्रुतलाही नाही. पहाटेची पानं पुन्हा टाइप करीत राहिली, आणि संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली की ओढणी सारखी करीत राहिली.

एकदा सुश्रुत आला आणि स्क्रू पिळायचा पेचकस हातात घेऊन नुसताच बसला.

"पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलंय," तो म्हणाला. "जायचं मनात होतं. पण… एक कॅबिनेट धड बसवता येत नाही मला. तिथे जाऊन काय दिवे लावणार? नाही कळवतो त्यांना."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. ईशानीने त्याच्या बोटांकडे पाहिलं. गिरमिटाने उठलेले फोड अजून होते.

"दोष तुमच्या कॅबिनेटमध्ये नाही," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"धाबळीत आहे." आणि तिने सगळं सांगितलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"मागच्या… मंगळवारी."

"आणि बोलला नाहीत?"

"बोलले असते तर –" ती पॅनेलच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिली. "तर आला असता का तुम्ही?"

 सुश्रुतने पेचकस खिशात ठेवला, तोही उलटा.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदाच सकाळी आला. खांद्यावर बांबूच्या कामट्यांचा हलका पिंजरा होता, घाटावर टोपल्या विणणाऱ्याकडून करून आणलेला. "काकू, धाबळी खुशाल घाला," तो म्हणाला. "पण या पिंजऱ्यावरून. आकाशदिव्यासारखं. वारा खेळता राहिला पाहिजे."

काकूंनी पिंजरा कॅबिनेटपुढे उभा केला, वरून धाबळी सोडली, आत हात घालून पाहिला. "मला आधी सांगायचंत की रे," त्या म्हणाल्या. "मी काय ऐकलं नसतं?"

इतक्यात न्हाणीघराचं दार वाजलं. "सरका, सरका!" काकू स्वयंपाकघरात, कस्तुरी जिन्यावर, आणि ईशानी नि सुश्रुत बोळाच्या एकाच भिंतीला पाठ लावून उभे. शास्त्रीबुवा स्तोत्र पुटपुटत, पाण्याचे थेंब सांडत समोरून गेले. दोघांनी श्वास रोखून धरला होता. ओल्या फरशीचा गारवा पायांना लागत होता, आणि खांद्याशी खांद्याची ऊब. धाबळीमागे यंत्र एका लयीत गुणगुणत राहिलं.

"चालतंय," सुश्रुत कुजबुजला.

"हो."

"आता बिघडणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. असं म्हणाली, की जणू कुणी घर सोडून चाललंय.

"पुण्याला उद्या कळवायचंय, ईशानी. काय कळवू… ते तू सांगशील?"

ती तोंड उघडणार तोच देवघरातून हाक आली, "ईशानी, फुलं!" ती गेली. फुलांची परडी देऊन परत आली, तर जिना रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी यंत्राने इतकं छान काम केलं की ईशानीला त्याचा राग आला. पानामागून पान होत गेलं. बाण कुठे म्हणून अडेना. दुकानात जायला काहीतरी निमित्त हवं होतं आणि घरात एकही उरलं नव्हतं.

"भैयांना काय सांगायचं ठरवलंस, आत्या?" काल जिन्यावरून सगळं ऐकलेल्या कस्तुरीने विचारलं.

"कुणाला काय सांगायचं?" ईशानी म्हणाली. "आणि उगाच कशाला जायचं तिथे? सगळं नीट चाललंय."

 ईशानी फुलं निवडायला गेली, तेव्हा कस्तुरीने स्टूल ओढलं. कामट्यांचा पिंजरा उचलून कोपऱ्यात ठेवला. धाबळीची दुहेरी घडी केली, ती चालू यंत्राच्या रांगोळीच्या ठिपक्यांवर नीट पांघरली, आणि काकूआजी खोचायच्या तशाच कडा आत खोचल्या. मग ती खाली दारात जाऊन बसली आणि सँडलचे पट्टे लावू लागली. आत्याला लहुराबीरच्या दुकानापर्यंत एकटीला कसं पाठवायचं?