दोन्ही हात यंत्रावर

निकिता दुकानात शिरली तेव्हा तो एका पंपामागे वाकून काहीतरी पुसत होता.

"लाकूड फोडायचं यंत्र बघायचंय," ती म्हणाली. "हायड्रॉलिक. घरच्यासाठी."

तो उभा राहिला. कपाळावर ग्रीसची बारीक रेघ होती. "शेतघर का?"

"नाही. कर्वेनगर."

"कर्वेनगरात सरपण लागतं?"

"आमच्याकडे लागतं. बाबांना अंघोळीला बंबाचं पाणी लागतं. गच्चीवर सोलर आहे, न्हाणीघरात गिझर आहे. ते दोन्ही पाहुण्यांसाठी."

तो हसला. आवाज न करता, फक्त डोळ्यांनी... आणि ते डोळे तिच्यावरून हटायला जरा वेळ लागला. निकिताने वही उघडली. ती मार्केट यार्डातल्या धान्यतपासणी प्रयोगशाळेत काम करायची; गोंधळ झाला की वही उघडायची तिला सवय होती.

अडचण साधी होती. दोन महिन्यांपूर्वी तिच्या बाबांची, दशरथरावांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी कुऱ्हाड बंद केली. नेमकी तेव्हाच शेजारची जुनी नीलगिरी परवानगी काढून तोडली गेली आणि त्रेचाळीस ओंडके त्यांच्या परसात येऊन पडले. बाबा रोज चहाचा कप घेऊन त्यांच्याभोवती फेरी मारत. "जानेवारीअखेरपर्यंत थांबतो," त्यांनी लेकीला बजावलं होतं. "पुढे मी आणि माझी कुऱ्हाड."

"हे बघा." त्याने एक यंत्र पुढे ओढलं. "ओंडका इथे आडवा ठेवायचा. हा दट्ट्या त्याला पाचरीवर ढकलतो. एक हात लिव्हरवर, दुसरा बटणावर. दोन्ही दाबलेले असतील तरच चालतं. एक जरी सुटला की थांबलं."

"का?"

"माणसाचे दोन्ही हात इथे असले म्हणजे पाचरीपाशी एकही नसतो."

उत्तर तिला आवडलं. उत्तर देणाराही आवडला, पण ते तिने वहीत लिहिलं नाही.

"हे पाच टन जोराचं. सात टनांचंही येतं. ओंडक्यांना गाठी किती आहेत?"

खरं तर निकिताने आदल्या दिवशीच, दोन जानेवारीला, सगळा हिशेब मांडला होता. व्यास, लांबी, ओलावा, गाठींसाठी जादा जोर. वहीच्या पहिल्याच पानावर उत्तर होतं: विजेवर चालणारं, आडवं, सात टन. ते वाचून दाखवायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

"नीलगिरी आहे. गाठी... मोजून येते," ती म्हणाली.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. घरापर्यंत कान गरम राहिले.

चार दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, ती गाठी घेऊन आली. शहाण्णव. त्याचं नाव प्रज्ञेश, दुकान मामांचं, हे तिला त्या दिवशी कळलं. शहाण्णव हा आकडा ऐकून तो गंभीर झाला आणि ओलावा किती आहे असं विचारू लागला. पुढच्या खेपेला तिने ओलावा आणला. त्याने लांबी विचारली.

"सगळ्यात लांब ओंडका एकवीस इंच," ती त्याच्याही नंतरच्या खेपेला म्हणाली.

"यंत्र वीस इंचांपर्यंतच घेतं."

"एक इंच करवतीने कापता येईल."

"येईल," तो म्हणाला. जरा नाराजीनेच. मग एकदम, "चहा घेणार?"

"सुट्टी वीस मिनिटं उरलीये."

"चहा चार मिनिटांत होतो."

"उकळायला चार. गार व्हायला?"

"ते कपावर आहे."

"मग कप मोठा आणा," निकिता म्हणाली आणि स्वतःच चपापली.

घरी आई, जया, हे सगळं बघत होती. "यंत्राला इतके प्रश्न?" एका संध्याकाळी ती मटार सोलता सोलता म्हणाली. "तुझ्या बाबांशी लग्न करताना मी दोनच विचारले होते."

निकिताही मटार सोलायला बसली. यंत्र एकदा घरी आलं की त्या दुकानात जायला कारण उरणार नव्हतं, हे वाक्य तिला स्वतःशीसुद्धा पूर्ण करता येत नव्हतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी परसातून 'खट्ट' असा आवाज आला.

ती धावत गेली. बाबा पायरीवर बसले होते, चेहरा घामाने डबडबलेला. कुऱ्हाड एका ओंडक्यात निम्मी रुतली होती.

"काही झालं नाही," ते म्हणाले. मग दम घेऊन, "एकच फोडून बघणार होतो."

डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण परत आल्यावर निकिताने वहीचं पहिलं पान काढलं आणि बराच वेळ बघत बसली. नीलगिरी जितकी वाळत जाते तितकी फुटायला हट्टी होते, हे तिला माहीत होतं. तीन आठवडे तिने ते लाकूड वाळू दिलं होतं. चहासाठी.

दुसऱ्या दिवशी दुकानात ती उभ्याउभ्याच म्हणाली, "सात टनांचं द्या."

"पण गाठींचं—"

"गाठी धरून सात. बाबांनी काल कुऱ्हाड उचलली."

प्रज्ञेशचा चेहरा उतरला. "रविवारी घेऊन येतो," तो म्हणाला. "चालवून दाखवतो."

रविवारी टेम्पो दारात आला. "जय भीम, काका," प्रज्ञेशने परसात येऊन म्हटलं.

"जय भीम. या." बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "आमची लेक तीन आठवडे ज्याचा अभ्यास करत होती, ते हेच का?"

"हो," प्रज्ञेश म्हणाला. "यंत्र हेच."

ताडपत्री काढली तेव्हा यंत्रावर चिकटवलेला पुठ्ठा निकिताला दिसला. टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हे विकले आहे. पुन्हा विचारू नये. कर्वेनगर. ३ जानेवारी.'

तिने तो दोनदा वाचला. प्रज्ञेशने ओंडका ठेवला, दोन्ही हात यंत्रावर ठेवले आणि यंत्र सुरू केलं. त्या घरघरीत, तिच्याकडे न बघता, तो हळूच म्हणाला, "तुम्ही गेल्यावर लगेच बाजूला काढून ठेवलं होतं. सात टनच लागणार, तुम्ही लाकडाचं नाव घेतलं तेव्हाच कळलं होतं. गाठी, ओलावा... उगाच विचारत होतो. तुम्ही परत यावं म्हणून. काकांना काही झालं असतं तर... चूक माझी आहे."

दट्ट्या ओंडक्याला लागला. लाकूड करकरलं.

निकिताला गप्प राहता आलं असतं. त्याने सगळा दोष आपणहून घेतला होता. पण निम्मा दोष दुसऱ्याच्या नावावर राहू देणं तिला जमणारं नव्हतं. तिने वही उघडली आणि पहिलं पान त्याच्यासमोर धरलं.

तो वाचत गेला. व्यास. लांबी. ओलावा. गाठी. सात टन. वर तारीख.

"दोन जानेवारी," तो म्हणाला. "म्हणजे दुकानात यायच्या—"

"आदल्या दिवशी."

यंत्र थांबलं.

परसात एकदम शांतता झाली. ओंडका अर्धा फुटून पाचरीवर अडकला होता, आतल्या ओल्या लाकडाचा नीलगिरीचा वास हवेत पसरला होता.

"काय हो, बिघडलं?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

"नाही, काका," प्रज्ञेश निकिताकडे बघत म्हणाला. "एक हात सुटला."

तो हात अजून मधेच होता, लिव्हर आणि वहीच्या दरम्यान, पुढे यावं की मागे जावं हे न ठरवता. निकिताने त्यात पेन ठेवलं आणि वहीचं कोरं पान उघडून दिलं.

"नंबर लिहा."

"दुकानाचा आहे ना तुमच्याकडे?"

"दुकानातलं काम संपलं," ती म्हणाली.

तो लिहू लागला. दहा आकडे, पण त्याला फार वेळ लागला. वही तिने धरून ठेवली होती, आणि त्याने ती दुसऱ्या बाजूने.

"जया," मागून बाबांचा आवाज आला, "आज गिझर लाव गं. सरपणाचं काही खरं दिसत नाही."